सोलापुरात कुत्र्यांचं डे-केअर: एका वेळी किती मोकळी सोडायची आणि कुणाला कुणासोबत?

विजापूररोडकर:

नमस्कार मंडळी. सोरेगावच्या अलीकडे पाच गुंठ्यांचा प्लॉट आहे. त्यात २० बाय ३० फुटांचं पत्र्याचं शेड, एक बोअर आणि चार फुटी कंपाउंड वॉल आहे. इथं कुत्र्यांचं डे-केअर सुरू करायचा विचार करायलोय. सकाळी ८ ला सोडायचं, संध्याकाळी ७ ला घेऊन जायचं. रात्रीचा मुक्काम नाही, ब्रीडिंग नाही, विक्री नाही. जुळे सोलापूर आणि होटगी रोडच्या बाजूला नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणारी घरं बरीच झालीत, कुत्रं दिवसभर गॅलरीत बांधलेलं असतं. त्यामुळं विचारणा चांगली आहे.

आत्तापर्यंत विचारणाऱ्यांकडं लॅब्राडोर जास्त, मग पग, शिह त्झू, स्पिट्झ, दोन जर्मन शेफर्ड आणि दोन कारवान (सडपातळ देशी शिकारी कुत्री) आहेत. माझ्यासोबत पूर्णवेळ दोन माणसं असतील. डोक्यात २० कुत्र्यांचा आकडा आहे.

विचारायचं ते असं. सगळ्यांना एकत्र मोकळं सोडता येतं का, की गट पाडायचे? एका माणसानं किती कुत्री सांभाळायची? नवीन कुत्रं गटात कसं घालायचं? भांडण लागलं तर नेमकं काय करायचं? लसीचं कार्ड कोणतं मागायचं? आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात हे चालवायचं कसं? ज्यांनी प्रत्यक्ष कुत्री हाताळलीत त्यांनी सविस्तर सांगावं.

---

श्वानसांगाती (प्रशिक्षण, वर्तन):

दादा, २० हा आकडा आधी डोक्यातून काढा. दोन माणसं असतील तर सुरुवातीला एका वेळी मैदानात आठ कुत्री, त्यापेक्षा एकही जास्त नको. एका माणसामागं दहा ते पंधरा कुत्री असं प्रमाण बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं, पण ते एकमेकांना ओळखणाऱ्या, मुरलेल्या गटासाठी आणि अनुभवी माणसासाठी. तुमच्याकडं सगळीच नवी असणार. शिवाय दोन माणसं म्हणजे दोन गट असा हिशोब करू नका. एकजण फाटकावर गेला, कुणाची शी उचलायला वाकला, मालकाचा फोन घेतला की त्याचा गट उघडा पडतो, आणि भांडण सुरू व्हायला पाच सेकंद पुरतात. म्हणून दोन माणसांत एक गट मैदानात, बाकीची आत विश्रांतीला, मग अदलाबदल. अशानं दिवसाला बारा-चौदा कुत्री सांभाळता येतात. ८ ते ७ हे अकरा तास आहेत, माणसांनाही जेवायचं असतं. त्या वेळेसाठी तिसरा माणूस ठेवा, नाहीतर त्या वेळात मैदान बंद ठेवा.

गट पाडावेच लागतात. पहिली रेघ वजनाची: दहा किलोच्या आतली वेगळी. नुसतं "लक्ष ठेवू" म्हणून भागत नाही, मध्ये जाळी हवी. कारण मोठं कुत्रं वाईट असतं असं नाही. स्पिट्झ किंवा शिह त्झू घाबरून किंचाळत पळालं की मागं धावणाऱ्या मोठ्या कुत्र्याचा खेळ एका क्षणात शिकारीत बदलतो. तोपर्यंत महिनाभर दोघं छान खेळत असली तरी. त्यात चावा पाठीला किंवा मानेला बसतो आणि लहान कुत्रं झटक्यात जातं. दुसरी रेघ खेळण्याच्या पद्धतीची. लॅब अंगावर येऊन आदळतो, कुस्ती खेळतो. शेफर्ड बाजूनं धावत भुंकतो, दुसऱ्यांना वळवायला बघतो, आणि ते लॅबला चालतं पण भित्र्या कुत्र्याला अजिबात चालत नाही. सात-आठ वर्षांपुढची कुत्री, ज्यांना नुसतं सावलीत पडून हुंगायचं असतं, त्यांचा वेगळा निवांत कोपरा करा. तरण्या लॅबच्या गटात म्हातारा लॅब टाकणं त्याच्यावर अन्याय आहे.

नवीन कुत्रं घ्यायचं तर पहिल्या दिवशी मालकानं सोडून निघून जायचं नाही. आधी प्रश्न विचारा: घरी कुणी ताटलीजवळ गेलं तर गुरगुरतं का, कुणाला चावलंय का, फिरायला नेल्यावर दुसरं कुत्रं दिसलं की काय करतं, नसबंदी झालीय का. मग त्याला एकट्याला रिकाम्या मैदानात दहा मिनिटं हुंगू द्या. बाकीच्यांचा वास त्याला आधी जमिनीवरून कळला पाहिजे. त्यानंतर तुमच्याकडचं सगळ्यांत शांत, वयानं मोठं कुत्रं जाळीच्या पलीकडं आणा. दोघांची अंगं सैल असतील तर सैल दोरीवर एकाच दिशेनं, दहा-पंधरा फूट अंतर ठेवून समांतर चालवा आणि हळूहळू अंतर कमी करा. तोंडासमोर तोंड आणून भेट घडवू नका. हुंगणं तीन सेकंद झालं की आनंदी आवाजात बाजूला बोलवा, पुन्हा सोडा. दोरी ताणलेली असली तर चांगलं कुत्रंसुद्धा बिघडतं, म्हणून दोरी जमिनीवर सोडायची, नुसती मागं लोळू द्यायची. एकाशी जमलं की दुसरं कुत्रं आणा, मग तिसरं. अख्ख्या गटात एकदम कधीच नाही. पहिला दिवस दोन तासांचा, पुढचा अर्धा दिवस, त्यानंतर पूर्ण.

आता मैदानात काय बघायचं. चांगल्या खेळात अंग सैल आणि वाकडंतिकडं होतं, पुढचे पाय टेकून बूड वर केलेलं दिसतं, धावणारा आणि पळणारा आलटून पालटून बदलतात, मोठं कुत्रं मुद्दाम आडवं पडतं आणि मध्येच दोघं थांबून अंग झटकतात. गुरगुरणं खेळात चालतं. काळजी करायची ती अचानक आलेल्या शांततेची: तोंड बंद, अंग ताठ, नजर रोखलेली, शेपूट वर आणि फक्त टोक थरथरतंय. तिथं लगेच मध्ये जायचं. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रं खूश आहे असं माणसांना शिकवलं असेल तर ते आधी विसरायला लावा. वारंवार ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, तुमच्या पायामागं किंवा बाकाखाली लपणं, ही "मला नको" असं सांगायची भाषा आहे. त्या कुत्र्याला "जा, खेळ" म्हणून पुन्हा ढकलू नका.

शंका आली तर एक साधी परीक्षा घ्या. जे अंगावर जातंय त्याला पट्ट्याऐवजी छातीला हात घालून दोन-तीन सेकंद धरा. दुसरं कुत्रं परत त्याच्याकडं आलं तर खेळ आहे. लांब निघून गेलं तर तो खेळ एकतर्फी होता, दोघांना वेगळं करा. आणि एकावर तिघं चढलेली दिसली तर परीक्षा वगैरे नाही, सरळ मोडायचं.

खेळ फार वेळ चालू देणं ही सगळ्यांत जास्त नुकसान करणारी गोष्ट आहे. दर तीन-चार मिनिटांनी नावं घेऊन बोलवा, आलं की शाबासकी, परत सोडा. पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना दहा मिनिटं पाणी आणि सावली. दिवसभरात मैदानातला वेळ मिळून दोन-तीन तासांच्या वर जाऊ नये. मोठं कुत्रं दिवसाला बारा-चौदा तास झोपतं. डे-केअरला आलं म्हणून त्याची झोप कमी होत नाही. दुपारी किमान दोन तास प्रत्येकाला आपापल्या कप्प्यात, मध्ये आडोसा लावून झोपवा. "आमचं कुत्रं दमून येतं" यावर मालक खूश होतात, पण रोज ताणाखाली दमलेलं कुत्रं काही आठवड्यांत घरी चिडचिडं होतं. बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात.

बारीक पण जिवावरच्या गोष्टी: मैदानात गळ्याचे घट्ट पट्टे, चोक चेन, हार्नेस काढून ठेवा. कुस्तीत एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो, ते गोल फिरतं आणि पट्टा आवळत जातो. ओळखीसाठी लागलाच तर ताणल्यावर आपोआप सुटणारा पट्टा घाला. हाडं, चेंडू, खाऊ गटात कधीच नको. आणि सगळी कुत्री फाटकापाशी गोळा होणार नाहीत हे बघणं तुमच्या माणसाचं काम आहे, कारण सर्वांत जास्त भांडणं तिथं लागतात. मालकांना पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेळा वाटून द्या. मैदानातल्या माणसानं खुर्चीत बसायचं नाही, फिरत राहायचं, मोबाईल आत ठेवायचा.

भांडण लागलं तर: हात मध्ये घालायचा नाही, पट्टा धरायचा नाही. आधी जोरात आवाज, स्टीलची परात वाजवा किंवा पाण्याचा पाईप थेट तोंडावर. नाही सुटली तर दोघांच्या मध्ये प्लायचा तुकडा सारा. तीन बाय अडीच फुटाचा, वर पकडायला भोक पाडलेला असा प्लाय मैदानाच्या दोन कोपऱ्यांत कायम टेकवून ठेवा. शेवटचा उपाय म्हणजे दोन माणसांनी एकाच वेळी दोघांचे मागचे पाय मांडीपाशी धरून उचलायचे आणि मागं वळत ओढायचं. जबडा घट्ट बसलेला असेल तर मात्र ओढू नका, कातडं फाटतं. एकटा माणूस असेल तर हा उपाय करू नका, सुटलेलं कुत्रं वळून त्यालाच धरतं. आणि तिसरा माणूस असेल तर त्याला सांगून बाकीची कुत्री आधी आत घ्या. बघणारी कुत्री भांडणात उतरतात.

---

गोठा_ते_क्लिनिक (पशुवैद्य):

वरच्या उत्तरात वर्तनाचं आलंय, मी आजाराचं आणि उन्हाचं सांगतो.

कार्डावर काय बघायचं: पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्वो-हिपॅटायटिस-लेप्टो या आजारांवरची एकत्रित लस सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला अडवते, म्हणून शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधी संपला असेल तर कार्ड भरलेलं दिसूनही पिल्लू उघडं असू शकतं. रेबीज तीन महिन्यांनंतर, मग वर्षानं. लेप्टो वर्षाला लागतेच. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे झाल्याशिवाय गटात घेऊ नका. त्याशिवाय गटात राहणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला केनेल कफची (पटकन पसरणाऱ्या कोरड्या खोकल्याची) लस मागा, नाकात सोडायची मिळते. घरी एकट्या राहणाऱ्या कुत्र्याला तिची फारशी गरज नसते म्हणून बऱ्याच कार्डांवर ती नसेल. स्टिकर आणि बॅच नंबर नसलेलं, नुसतं पेनानं तारीख टाकलेलं कार्ड स्वीकारू नका.

एखादं कुत्रं घशात काही अडकल्यासारखं कोरडं खोकलं तर त्याच दिवशी घरी. खोकला पूर्ण थांबल्यावर आणखी दोन आठवडे येऊ द्यायचं नाही. लक्षणं दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही दिसू शकतात, त्यामुळं त्याच्यासोबत खेळलेल्या सगळ्यांच्या मालकांना तेव्हाच कळवा. लपवलं तर अख्खा गट आठवड्यात खोकायला लागतो. जुलाबात रक्त आणि उलट्या असतील तर पार्वो समजून चालायचं. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनाईलनं मरत नाही. ब्लीच लागतं: पाच टक्क्यांच्या आसपासचं घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, आणि फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. पण आधी शी-उलटी पूर्ण काढून साबणानं धुवा, घाणीवर ओतलेलं ब्लीच निकामी होतं. लघवी साचलेल्या जागेवर थेट ओतू नका, घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो. आधी पाणी मारायचं. काळं फिनाईल तर आणूच नका. पाय चाटून पोटात जातं, ओल्या फरशीवर पंजे भाजतात.

सोलापूर जिल्ह्यात डे-केअरचा खरा शत्रू गोचीड आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरात, शेडमध्ये अख्खं आयुष्य काढते. मादी हजारो अंडी भिंतीच्या भेगांत, पत्र्याच्या सांध्यांत, दरवाजाच्या चौकटीत घालते. एका कुत्र्यानं आणली की पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या अंगावर. एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तातले आजार तिच्यातूनच येतात: ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, लघवी गडद. म्हणून गोचिडीवरची गोळी किंवा मानेवर लावायचं औषध चालू आहे, पुढची तारीख कधी, हे कार्डासोबत नोंदवा आणि सकाळी आत घेताना कानाच्या आत, बोटांच्या मधे, शेपटीखाली बघा. सापडली तर बोटानं चिरडू नका, चिमट्यानं कातड्याजवळ धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. गुरांसाठीचं गोचीड औषध अंदाजानं पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओतायची सवय आपल्याकडं आहे, त्यानं झटके येऊन कुत्री दगावतात. शेडवर फवारणी करायची तर कुत्री नसताना, आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडायची.

दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं की कुसळं. आपल्या माळरानावरचं कुसळी गवत कानात, नाकात, बोटांच्या मधे शिरतं आणि कुसळाचे दात उलट असल्यानं पुढंच सरकत जातं. कुत्रं एकाएकी डोकं झटकतंय, एकच पंजा चाटतंय, सारखं शिंकतंय, तर त्याच दिवशी दाखवा. प्लॉटवर गवत वाढूच देऊ नका, फुलोऱ्याआधी मुळासकट काढा. कुंपणाला कण्हेर, आवारात एरंड किंवा सायकस असेल तर तोडा, तिन्ही विषारी. उंदरांचं औषध कुठंच ठेवायचं नाही.

ऊन. कुत्र्याचं सर्वसाधारण तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं की धोका, १०६ म्हणजे अवयव निकामी व्हायला सुरुवात. कुत्रं घामानं थंड होत नाही, धापेनं होतं, आणि पग, शिह त्झू, बुलडॉग यांची नाकं-घसे अरुंद असल्यानं ती धापही त्यांना पुरत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला टेकतो. तेव्हा मैदान सकाळी ९ ला बंद. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना उन्हाळाभर मैदानात धावायला लावूच नका, सकाळी पंधरा मिनिटं हुंगणं पुरे. संध्याकाळी हवा बरी वाटली तरी फरशी तापलेली असते. हाताचा मागचा भाग जमिनीवर सात सेकंद ठेवा. नाही ठेवता आला तर पंजाही ठेवायचा नाही.

जीभ रुंद होऊन बाहेर लोंबतेय, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चाल अडखळतेय, उलटी: हा उष्माघात. आधी जागेवर थंड करा, मग गाडीत घाला. नळाचं पाणी अंगभर सतत ओता, पंखा लावा, पोटाखालून भिजवा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता कोंडतो. गुदद्वारातलं तापमान १०३ वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर खूप खाली जातं. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका. बरं दिसलं तरी दवाखान्यात न्यायचंच, मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं.

चावा लागला तर वरून फक्त दोन भोकं दिसतात, आत स्नायू फाटलेला असतो. केस कापून सलाईननं धुवा आणि त्याच दिवशी दाखवा. माणसाला चावलं तर साबणानं वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुणं, मग सरकारी दवाखान्यात रेबीजची लस. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं). कुत्र्याचं कार्ड पूर्ण आहे म्हणून हे टाळायचं नाही. तुमच्या माणसांना कामावर घेण्याआधीच रेबीजचे आगाऊ डोस देऊन घ्या.

---

विजापूररोडकर:

डॉक्टर, श्वानसांगाती, फार उपयोगी. आठपासूनच सुरू करतो. दोन शंका राहिल्या. शेड पत्र्याचं आहे, एप्रिलमध्ये आत बसवत नाही, ते कसं थंड करायचं? आणि चार फुटी भिंत पुरेल का? बाहेर मोकाट कुत्र्यांची टोळी असते. कारवानबद्दल पण कुणीतरी सांगा, दोन्ही घरं चांगली आहेत, नाही म्हणायला जीवावर येतं.

---

लोखंडी_जाळी (फॅब्रिकेशन):

चार फूट अजिबात पुरणार नाही. भिंतीच्या आतून सहा फुटी चेनलिंक जाळी घ्या, दोन इंची भोकाची, दर आठ फुटाला अँगल. वरचं दीड फूट आतल्या बाजूला ४५ अंशात वाकवा. खाली जाळी आणि जमिनीत फट राहू देऊ नका: एक फूट खोल, सहा इंच रुंद काँक्रीटचा पट्टा, त्यात जाळीचं टोक गाडायचं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, नुसते खांब मातीत रोवले तर एका पावसात वाकडे होतात. लहान कुत्र्यांच्या बाजूला खालचे दोन फूट एक इंची वेल्डमेश जोडा. जाळीचा जो भाग भिंतीच्या वर दिसतो, त्याला हिरवी शेडनेट बांधा. मोकाट कुत्री दिसली की आतली जाळीला धावतात आणि राग शेजारच्यावर काढतात. दोन गटांच्या मधल्या जाळीलाही तीच नेट.

फाटक एक नाही, दोन. मध्ये सहा बाय सहाचा पिंजरा, दोन्ही दारं आतल्या बाजूला उघडणारी आणि आपोआप बंद होणारी. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. विजापूर रोडवर ट्रॅफिक काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे, निसटलेलं कुत्रं परत येणार नाही. कडी पंज्यानं उघडेल अशी नको.

जमीन: काळ्या मातीवर तसंच सोडलं तर जूनमध्ये चिखल आणि जिवाणू दोन्ही. वरची सहा इंच माती काढून मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा, शंभर फुटाला दोन फूट उतार द्या. शहाबादी फरशी स्वस्त मिळते म्हणून सगळीकडं टाकू नका. पॉलिश असली तर लॅबचे गुडघे जातात आणि उन्हात तव्यासारखी तापते. शेडच्या आत खरखरीत शहाबादी किंवा झाडूनं रेघा ओढलेलं काँक्रीट, उतार एका नालीकडं, आणि शोषखड्डा बोअरपासून जितका लांब जमेल तितका.

शेडचं: पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग किंवा निदान चुना, छपराखाली थर्माकोल नको (कुत्री कुरतडतात, आगीलाही धोका), फॉइल लावलेला इन्सुलेशनचा थर आणि खाली जिप्समऐवजी पीव्हीसी शीट. बऱ्याच ठिकाणी पत्र्यावर ज्वारीचा कडबा टाकतात. गारवा येतो हे खरं, पण ठिणगी पडली तर संपलं आणि उंदीर-गोचिडीला घर मिळतं, म्हणून कुत्र्यांच्या शेडवर नको. छपराच्या शेंड्याला हवा निघायला उघडी पट्टी ठेवा. आपली उन्हाळी हवा कोरडी आहे, त्यामुळं डेझर्ट कूलर उत्तम चालतो, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. सगळं बंद करून कूलर लावला तर तासाभरात दमट भट्टी होते. जुलैत तोच कूलर निकामी, तेव्हा एक्झॉस्ट फॅन. आणि इन्व्हर्टर घ्या, कूलर-पंखा किमान चार तास चालेल असा. मे महिन्यात दुपारी लाईट गेली आणि आत बारा कुत्री असली तर वाट बघायला वेळ नसतो.

पाण्याचा हिशोब: वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास लागतं, उन्हाळ्यात दुप्पट. ते कमीच आहे, खरं पाणी धुण्याला जातं. दहा-बारा कुत्र्यांना रोज तीनशे लिटर धरा. नळाला काही दिवसांआड येतं आणि बोअरचा मे महिन्यात भरवसा नाही, म्हणून दोन हजार लिटरची टाकी सावलीत. टाकी उन्हात ठेवली तर उष्माघाताच्या वेळी नळातून चटका बसणारं पाणी येईल.

---

कारवानवाला_सांगोला:

कारवान आणि पश्मी ही नजरेनं शिकार करणारी कुत्री. माणसाशी शांत, घरात गरीब. पण लांबवर काही लहान पळताना दिसलं की कान बंद, हाक ऐकू जात नाही. त्यामुळं पग-स्पिट्झच्या बाजूला, मधली जाळी असली तरी, त्यांना वेळ वेगळीच द्या. लहान कुत्री आत गेल्यावर कारवान बाहेर. लॅबबरोबरही सरसकट जमत नाही. लॅबला आदळायचं असतं आणि कारवानचं कातडं पातळ, अंगावर चरबी नाही, एका दातानं चार इंच फाटतं. दोन्ही कारवान एकमेकांशी जुळत असतील तर तीच जोडी ठेवा.

पाच गुंठे त्यांच्या धावण्याला अपुरे आहेत हेही मालकांना सांगा. पूर्ण वेगात वळण घेताना जाळीला धडकून पाय मोडतात. तुमच्याकडं त्यांना दिवसाचा सहवास आणि हुंगणं मिळेल, धाव मालकानं सकाळी उजाडताना मोकळ्या, कुंपण असलेल्या जागेत द्यावी. जाळीची उंची सहा फूट म्हणालात, पण जाळीजवळ बाक, टायर, मातीचा ढीग काही ठेवू नका. त्यावर पाय देऊन ती सहज पलीकडं जातात.

---

श्वानसांगाती:

कारवानबद्दल वरचं सगळं बरोबर. "नाही म्हणायला जीवावर येतं" यावर मात्र बोलतो. डे-केअर हे प्रत्येक कुत्र्यासाठी नसतं आणि नाही म्हणणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे. हीटमध्ये आलेली मादी रक्तस्राव दिसल्यापासून किमान तीन आठवडे नको. वर्षाच्या पुढचा नसबंदी न झालेला नर गटात घेतला तर चढणं आणि खुन्नस रोजची, त्याला एकट्यानं वेळ देता येत असेल तरच घ्या. दुसऱ्या कुत्र्याला टाके पडेपर्यंत चावलेलं, ताटली राखणारं, तीन भेटींनंतरही बाकाखालून बाहेर न येणारं, या तिघांना गट नको. त्यांच्यासाठी घरी येऊन फिरवणारा माणूस जास्त चांगला, आणि मालकाला तसं सरळ सांगा. भित्रं कुत्रं "सवय होईल" म्हणून ठेवून घेतलं तर सवय होत नाही, ते आतल्या आत गप्प होतं आणि एक दिवस चावतं.

जेवणाचं राहिलं: खाणं ज्याचं त्याच्या कप्प्यात, दार लावून. जेवणाच्या आधी आणि नंतर एकेक तास खेळ नाही. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसतो. पोट ढोलासारखं ताणलेलं आणि उलटीचा नुसता उमाळा येतोय पण बाहेर काही पडत नाही, तर एक मिनिट न थांबता दवाखाना. कोणत्या डॉक्टरांकडं दुपारी दोन वाजता ऑपरेशन होऊ शकतं हे सुरू करायच्या आधी विचारून ठेवा.

फॉर्मवर मालकाचा आणि आणखी एका माणसाचा नंबर, त्यांचे डॉक्टर, चालू औषधं, आणि "मालकाशी संपर्क झाला नाही तरी अमुक रकमेपर्यंत उपचार करा" अशी सही घ्या. रोजची वही ठेवा: कोण कुणासोबत सोडलं, कुठं मध्ये जावं लागलं, शी कशी होती. एकाच कुत्र्याचं नाव आठवड्यात तीनदा आलं की गट बदला. आपल्या ताब्यातल्या प्राण्याकडून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा संभवत असताना जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणानं काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा होतो, तेव्हा ही वहीच तुम्ही काळजी घेतल्याचा पुरावा. महापालिकेची आणि दुकाने-आस्थापनाची नोंदणी किंवा सूचना, जी लागू असेल ती, वकिलाकडून करून घ्या. शेजारी वस्ती असेल तर आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आहे, दोन जाळीला भिडलेले शेफर्ड ती सहज ओलांडतात. शेडनेट आणि दुपारची झोप याचाही त्यावर बराच उपयोग होतो.

आणि कॅलेंडर बघून सुरुवात करा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, एप्रिलपासून जयंत्यांच्या मिरवणुका, पुढं गणपती, दिवाळी. या दिवसांत आवाजानं बिथरलेली कुत्री एकमेकांवर राग काढतात. त्या दिवशी गट सोडायचा नाही, दुपारी चारच्या आत सगळी घरी पाठवायची, आणि तारखा मालकांना महिनाभर आधी लिहून द्यायच्या. सुरू करायला नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा बरा: फटाके संपलेले असतात, ऊन मऊ असतं, आणि मार्चपर्यंत तुमचा आठांचा गट एकमेकांना ओळखायला लागतो.